बुटकीला एक इंचही वाढवू नये

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, गाड्या दुरुस्त करणारी बाई, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणणाऱ्याची कीव करावी लागली असती. वकिलांनी नमुन्यादाखल एक मसुदा दिला होता. त्यात "स्थावर, जंगम व तत्सम" असे शब्द होते. माझे वडील संस्कृत शिकवत. "तत्सम" हा शब्द असा वापरलेला पाहून त्यांनी वकिलांना बाकावर उभे केले असते. म्हणून मसुदा परत केला आणि फी मात्र दिली.

कारण सांगायचे तर, पुढल्या आठवड्यात माझ्या मणक्याची शस्त्रक्रिया आहे. सर्जन म्हणतात, "धोका थोडा आहे." "थोडं काम आहे" असे मीही गिऱ्हाइकांना सांगते आणि मग इंजिन खाली उतरवते. तेव्हा लिहून ठेवलेले बरे.

कलम पहिले. वर्कशॉपमागच्या दोन खोल्या आणि त्यांतले सगळे सामान माझ्या मुलीचे. स्वयंपाकघराचे दार फुगते, ते खांद्याने ढकलावे लागते. रंधा मारू नये. कोण आत आले ते त्या आवाजावरून कळते. बँकेत शस्त्रक्रियेनंतर जे काही उरेल तेही तिचेच. उरले नाही तर तिने सर्जनच्या गाडीचे बिल जरा सढळ हाताने करावे. ती आपल्याकडेच येते.

कलम दुसरे. वर्कशॉपची माझी बाजू मुलीची. दुसरी बाजू आमच्या ह्यांच्या धाकट्या भावाची, म्हणजे भावजींची, आहे आणि राहील. मध्ये जमिनीवर पिवळी रेघ आहे. ती मी मारली. भावजी तिच्या पलीकडे पान्हा ठेवतात तोही रेघेला समांतर, इतका माणूस शिस्तीचा. शिस्त आणि अक्कल या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे मला त्यांच्याकडे पाहूनच समजले.

कलम तिसरे. हत्यारे मुलीची. फक्त लोखंड कापायचे मोठे ग्राइंडर कोणत्याही कारणाने, उसनेसुद्धा, भावजींना देऊ नये. कारण पुढे येते.

कलम चौथे, आणि हे वकिलांच्या मते मृत्युपत्रात बसत नाही. माझ्या मते याच्याशिवाय मृत्युपत्र उभेच राहत नाही.

ह्यांनी आणि भावजींनी तरुणपणी एकाच बनावटीच्या दोन जुन्या गाड्या लिलावात घेतल्या. खडक चढायला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: घराएवढ्या दगडांवरून, चालत्या माणसापेक्षा हळू, गाडी चढवत न्यायची. कशासाठी, असे विचारणारे लोक असतात. तेच लोक सुट्टीच्या दिवशी तासभर गाडी धुतात.

एक गाडी होती तशीच ठेवली, आखूड. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर कमी, म्हणून तिचे नाव बुटकी. दुसरीची चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, भावजींनी मधून कापून, तुकडा जोडून, लांब केली. ती लांबडी. बुटकी मी चालवते, लांबडी ते.

आता न्यायाने पाहू. दोन दगडांच्या फटीत वळायचे असेल तर बुटकी जागच्या जागी वळते. लांबडी पुढे-मागे, पुढे-मागे करते, जशी लग्नाच्या हॉलमध्ये खुर्ची शोधणारी जाडी मावशी. दगडाच्या टेंगळावरून बुटकी अल्लाद उतरते. लांबडीचे पोट टेकते, चारी चाके हवेत फिरतात आणि मालक खाली उतरून "दगडच चुकीचा आहे" असे म्हणतो. खड्डा आला की लांबडी पुढचे चाक पलीकडे आणि मागचे अलीकडे ठेवून पूल होते, हे मान्य. बुटकी खड्ड्यात पूर्ण जाते आणि बाहेरही पूर्ण येते. निम्मी आत, निम्मी बाहेर असे तिचे नसते. काही माणसांचे असते.

वडील आम्हाला ह्रस्व-दीर्घ शिकवताना म्हणत, दीर्घ म्हणजे थोर नव्हे, त्याला उच्चारायला वेळ जास्त लागतो इतकेच. मी हे भावजींना ऐकवले होते. त्यांनी उत्तर दिले नाही. लांब गाडीवाल्यांना वळायला जागा लागते तशीच उत्तरालाही लागते.

राहिला उभा चढ. तिथे बुटकी नाक वर करते आणि चुकली तर पाठीवर पडते, हे खरे आहे. पण चुकायचेच कशाला?

खडक क्लबचे अध्यक्ष या वादात "दोन्ही आपापल्या जागी चांगल्या" असे म्हणतात. त्यांची गाडी अजून डांबर सोडून उतरलेली नाही. त्यांना मी अडकलेली गाडी ओढून काढायची माझी जुनी विंच ठेवते. तिची तार तुटलेली आहे, पण त्यांना ती फक्त बंपरवर दिसायला हवी असते.

कलम पाचवे. भावजींशी माझा अबोला आहे, त्याची नोंद.

चढताना ड्रायव्हरला बॉनेटपलीकडचे काही दिसत नाही. म्हणून एक जण समोर दगडावर उभा राहून हातांनी वाट दाखवतो. डावा हात म्हणजे डावीकडे, दोन्ही तळवे स्वतःकडे म्हणजे सरळ ये, मूठ वर म्हणजे थांब. आमच्यात नियम एकच आहे. मूठ दिसली की ड्रायव्हरने थांबायचे, कारण विचारायचे नाही. कारण विचारेपर्यंत चाक घसरलेले असते.

हे हयात असेपर्यंत माझ्यासमोर हेच उभे राहत. मग हे आजारात गेले. भेटायला आलेली माणसे वर्कशॉपमध्ये बसली होती आणि भावजी हातात खडू घेऊन बुटकीपाशी गेले. चेसिसवर आडवी रेघ मारली आणि सर्वांदेखत म्हणाले, "वहिनी, दादा सांगून गेलाय, इथं कापायची. लांब करायची."

मी ओले फडके घेतले, रेघ पुसली आणि म्हणाले, "भावजी, गेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. तो नाकारायला येत नाही."

ते काहीतरी पुढे बोलायला गेले. मी इंजिन सुरू केले. तेव्हापासून बोलणे बंद.

पुढच्या रविवारी मी एकटीच बुटकी घेऊन जुन्या दगडखाणीमागच्या चढावर गेले. मोठ्या पायरीपाशी आले आणि पुढे काही दिसेना. मान वर केली तर समोर भावजी उभे, दोन्ही तळवे स्वतःकडे. कधी आले, कुठून आले, विचारायची सोय नव्हती. मी चढले. त्यानंतर दर रविवारी तेच. वर पोचलो की ते लांबडीत बसतात, मी बुटकीत, आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांसारखे एकाच घरी येतो. हे त्यांचे पाळत ठेवणे आहे असे माझे मत आहे. बुटकी केव्हा उलटते आणि आपण केव्हा "बघा, मी म्हणत होतो" म्हणतो, याची वाट पाहणारा माणूस कोणत्याही उन्हात उभा राहतो.

घरात निरोप मुलीमार्फत चालतात.

"तुझ्या काकांना सांग, चहा निवतोय."

"आईला सांग, मला ऐकू येतं."

"मग त्यांना म्हणावं, साखर हवी का नको ते सांगा."

"मी काय टपालखातं आहे?" असे म्हणून ती आपला कप घेऊन लांबडीच्या टपावर जाऊन बसते. तिला दोन्ही गाड्या येतात. ती म्हणते, "आई, दगड बघून गाडी घ्यावी." अध्यक्षांची संगत, दुसरे काय.

कलम सहावे. बुटकी.

मी गेल्यावर बुटकी मुलीला दिली तर ती काकांच्या शेजारी राहणार, म्हणजे रेघेपलीकडे जाणार, म्हणजे कापली जाणार. मुलगी भिडस्त आहे. काकांनी दोनदा उसासा टाकला की ग्राइंडर स्वतः आणून देईल. तेव्हा बुटकी कोणालाही न देता भंगारात घालावी. भंगारवाल्याशी बोलणे झाले आहे. तो दाबून तिचा ठोकळा करायला तयार आहे. तो मुलीसमोर करावा. ठोकळ्याची लांबी वाढवता येत नाही.

कलम सातवे. वडिलांचा संस्कृत शब्दकोश वकिलांना द्यावा. "तत्सम" कुठे आहे ते पान दुमडून ठेवले आहे.

वकिलांनी सांगितले की साक्षीदार दोन लागतात आणि ज्याला या कागदातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. हा नियम मला फार आवडला. म्हणून पहिले साक्षीदार म्हणून मी भावजींना बोलावत आहे. त्यांना काही मिळत नाही, यावर त्यांचीच सही.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच टेबलाशी लिहिलेली.

मुलीने निरोप दिला आणि भावजी आले. दार खांद्याने ढकलले, हात पुसले, चष्मा लावला. साक्षीदाराने फक्त सही होताना पाहायचे असते, मजकूर वाचायचा नसतो. पण त्यांना गाडीबरोबर येणारी पुस्तिकासुद्धा मागल्या पानापर्यंत वाचायची सवय. वाचत राहिले. जाड्या मावशीपाशी त्यांच्या मिशा हलल्या. मी शेवटच्या पानावर सहीसाठी पेन टेकवले होते.

कलम सहाव्यापाशी त्यांनी मूठ वर केली.

मी थांबले. हे मी ठरवून केले नाही. हात आपोआप थांबला, पायही टेबलाखाली ब्रेकवर असल्यासारखा दाबला गेला, आणि मणक्यातून कळ गेली.

"भंगारात नाही," भावजी म्हणाले.

"आई, काका म्हणतायत की..." मुलीने सवयीने सुरुवात केली.

"ऐकलं मी."

"वहिनी, मी साक्षीदार होत नाही."

"का बरं?"

"मला ती पाहिजे."

"कापायला?"

"नाही."

"मग खडूची रेघ काय रांगोळी म्हणून काढली होती?"

"दादानं सांगितलं म्हणून काढली. तुम्ही रेघ पुसलीत आणि इंजिन चालू केलंत. पुढचं ऐकलंच नाहीत."

"आता बंद आहे इंजिन. बोला."

त्यांनी चष्मा काढला. "दादा म्हणाला, ही उभ्या चढावर मागं उलटते आणि तुझी वहिनी चढ सोडायची नाही. मी आहे तोवर समोर उभा राहतोय. मी नसलो की गाडी लांब कर."

 मी म्हणाले, "मग केली का नाहीत? मी झोपलेली असताना कापता आली असती. ग्राइंडर भिंतीलाच असतं."

"तुमच्या गाडीला तुम्हाला न विचारता हात लावू? गाडी लांब होईना, मग मी उभा राहिलो."

एवढेच बोलले, आणि इतक्या वर्षांनी बोलताना माणसाने निदान गळा तरी खाकरावा, तेही केले नाही.

मी पेन खाली ठेवले. मुलीला चहा ठेवायला सांगितले. मग भावजींना विचारले, "साखर?"

"एक चमचा. तेव्हापासून सांगतोय."

तेव्हा खालीलप्रमाणे बदल करते.

कलम सहावे रद्द. भंगारवाल्याला कळवावे, आणि तो हळहळला तर अध्यक्षांची गाडी दाखवावी. कलम तिसऱ्यातली ग्राइंडरबद्दलची अट मात्र कायम.

बुटकी भावजींना. तिला एक इंचही वाढवू नये. हे वाचून ते म्हणाले, "अर्धा?" त्यांना विनोद करता येतो हे मला ठाऊक नव्हते, आणि फारसा येतही नाही. बुटकी चालवायची मुलीने, समोर उभे राहायचे भावजींनी. मूठ दिसली की मुलीने थांबायचे. पुढचे ऐकून मग हवे तर भांडायचे.

मी शस्त्रक्रियेतून उठले तर हे सगळे रद्द, बुटकी माझी. सर्जन म्हणतात, गाडीत बसणे बंद. हा रविवारचा मामला त्यांच्या कानावर घालू नये.

यावरून लांब गाडी बरी असे मी कबूल केले, असा अर्थ कोणीही, विशेषतः पिवळ्या रेघेपलीकडच्याने, काढू नये.

भावजींना आता या कागदातून काही मिळत असल्यामुळे साक्षीला समोरच्या बेकरीवाल्याला आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना बोलावले. सहीसाठी मी पुन्हा पेन टेकवले. टेबलापलीकडे भावजी उभे होते. त्यांनी दोन्ही तळवे स्वतःकडे केले. सही सरळ आली आहे, कोणीही पाहून घ्यावी.

सही: बुटकीची मालकीण

साक्षीदार एक: बेकरीवाला. (बाईंनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मी वाचलेला नाही. आतून हसण्याचा आवाज आला म्हणून वाटलं होतं, काही बरं चाललंय.)

साक्षीदार दोन: वरच्या मजल्यावरची नर्स. (पेशंट शुद्धीवर आहे. नको तितकी.)

ठिकाण: वर्कशॉपमागचे स्वयंपाकघर, पिवळ्या रेघेच्या अलीकडे

दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शेवटचा शनिवार. उद्या रविवार आहे.