‘लॉस्ट’चा अर्थ

रविवार, संध्याकाळ. एकोडी.

दुपारी नागपूरच्या दवाखान्यातून फोन आला, तो बाबांनी घेतला. डॉक्टर म्हणाले, “वुई लॉस्ट हिम.” बाबांना लॉस्ट म्हणजे हरवलं, एवढंच ठाऊक. मी तळ्यावरून घरी आले तर आई चक्क हसत होती.

“दादा दवाखान्यातून हरवला म्हनते. म्हंजे उठून चालाले लागला ना वो!”

अपघातानंतर एकदाही डोळे न उघडलेला माझा भाऊ. बाबा त्याला शोधायला निघाले होते, शर्टाची बटणं लावत. त्यांनी डॉक्टरांचे इंग्रजी शब्द सांगितले आणि मला अर्थ लगेच कळला. तरी मी गप्प का राहिले? तिला आणखी थोडं हसू द्यावं म्हणून?

शेवटी बाबांचा हात धरला. “बाबा, नका जाऊ. दादा गेला.”

आई रडली नाही. अजून तेच विचारते आहे, “मंग हरवला कायले म्हनला तो डॉक्टर?”