ओढ्याजवळचा कॅमेरा

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

सगळं बदललं ते आज चारच्या चहाला. कप अजून ओठाला लागला नव्हता. ओढ्याजवळच्या कॅमेऱ्यातून फोटो आला, आणि फोटोत तान्या.

हरीण नाही, डुक्कर नाही. तान्या!

टेक्सासमध्ये. आमच्या शिकार-क्लबच्या लीजवर. कमरेएवढ्या गवतात उभी, डोक्याला केशरी लोकरी टोपी. शेजारी चिराग — बँकवाल्या राजनसाहेबांचा चिराग. त्याचा हात तिच्या खांद्यावर आणि ती मान मागे टाकून हसतेय. वसईपासून ओळखतो मी तिला, शाळेपासून. हे हसणं कधी बघितलं नव्हतं.

ती तर दुबईला आहे! हॉटेलचं ट्रेनिंग आहे. जाताना मलाच म्हणाली होती, "लान्सी, ट्रेनिंग हॉलमध्ये एसी फार असतो रे. एक गरम टोपी बघशील? केशरीच आण हं." बहारीनमध्ये लोकरी टोपी शोधायची म्हणजे काय ते मला विचारा. मनामाचा सगळा सूकबाजार पालथा घातला. लाल होती, निळी होती. केशरी शेवटी एका पठाणाच्या दुकानात सापडली, धूळ खात पडलेली. रूमवर आणून शॅम्पूने धुतली मी ती.

केशरी! लीजवर पाऊल ठेवायचं तर डोक्यावर केशरी पाहिजेच, नाहीतर झुडपात हललेलं बघून कुणी गोळी घालेल — हा नियम प्रत्येक मेंबरला कोण पाठवतं? मी. दर सीझनला. कॉपी-पेस्ट करून.

गाढव. गाढव. गाढव.

बुधवार, १३ नोव्हेंबर

डोळ्याला डोळा नाही.

क्लबचा नियम आहे, कॅमेऱ्यात माणूस दिसला की फोटो डिलीट. मेंबर कुणाबरोबर आला, काय करतो, आपल्याला देणंघेणं नाही. आजवर शेकडो उडवले असतील. हा नाही उडवला. मोबाइलवर घेतला. दर थोड्या वेळाने काढून बघतो, जसं दुखऱ्या दाताला जीभ लावत राहावी तसं.

मामा टेबलाजवळ आला. जेफ्रीमामा ऑफिस सांभाळतो, त्यानेच मला इथे चिकटवलंय. उगाच कागद इकडचे तिकडे केले. मग म्हणाला, "ओढ्याकडे काही विशेष?"

"रॅकून," मी म्हणालो.

"बरं. तू एक काम कर, दोन आठवडे मीना सलमान बंदरावरच्या गोदामात बस. शिंगांचे खोके आलेत, उघडून साफ करायचेत. कॅमेरे मी बघतो."

मागच्या आठवड्यातही हेच म्हणाला होता. तेव्हाही मी भडकलो, आजही भडकलो. मला काय हमाल समजतो? इंजिनिअरिंगची दोन वर्षं केलीत मी! "पूर्ण कुठे केलंस?" म्हणाला. दार आपटून खाली गेलो.

पूर्ण केलं नाही कारण तान्या इथे आली. सिल्व्हिया आंटी, म्हणजे तिची आई, इथल्या हॉस्पिटलात नर्स, त्यांनी तान्याला हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर लावून दिलं. ती निघायच्या आदल्या दिवशी चर्चच्या मागे मी लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "बघू."

त्या एका "बघू"वर मी कॉलेज सोडलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज कानफाट्या आला. भर उजेडात!

हे काम घरी कुणाला समजावता येत नाही. आई शेजारणींना सांगते, पोरगा कंप्युटरवर आहे. कंप्युटरवर आहे खरा. तिकडे टेक्सासला एका विधवा बाईचं मोठं रान आहे. इथल्या शौकीन लोकांचा क्लब ते वर्षाच्या कराराने भाड्याने घेतो, त्याला म्हणायचं लीज. रानात झाडांना कॅमेरे बांधलेत. समोरून काही गेलं की फोटो निघतो आणि थेट माझ्याकडे येतो. तिकडची पहाट माझ्या चारच्या चहाला उगवते. मी फोटो निवडायचे, कुठला नर कुठल्या वाटेने फिरतो ते तिकडच्या राखणदाराला कळवायचं, मग तो मेंबरला त्या मचाणावर नेऊन बसवतो. मेंबर बंदूक चालवतो. बाकी सगळं हरीण मीच शोधलेलं असतं.

कानफाट्याला नाव मी दिलं. डावा कान फाटलेला, शिंगं खुर्चीएवढी. दोन सीझन झाले, हा उजेडात येत नाही. काळोखातले हिरवट फोटो तेवढे मिळतात, त्यातही अर्धा झुडपात. सगळे मेंबर याच्यासाठी वेडे. आणि आज ओढ्यावर, उन्हात, तोंड उघडं टाकून उभा! पुढे एक मादी चाललेली.

मामा म्हणतो, नोव्हेंबरात नराचं असंच होतं. खाणं सोडतो, झोप सोडतो, मादीमागे दिवसाढवळ्या धावत सुटतो. एरवी वर्षभर शहाणा असतो, मरतो तो याच दिवसांत.

मामाला वाटलं मी हसेन.

राजनसाहेबांनी कानफाट्या चिरागच्या नावावर राखून ठेवलाय. ऑफिसात आला होता चिराग, ऑक्टोबरात. "लान्सी ब्रो, मला तोच पाहिजे. तू बघ फक्त." खांद्यावर थाप मारली. तोच हात!

कानफाट्याचा फोटो मी राखणदाराला पाठवला नाही. बस तिकडे बोंबलत. रिकाम्या हाताने ये.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मिस्सा झाली. फादर काय बोलले, देवाला माहीत.

दर शुक्रवारी जेवायला सिल्व्हिया आंटींकडे. गुदैबियात माझ्या रूमपासून दोन गल्ल्या. हल्ली आंटी साखळी लावूनच दार किलकिलं करतात, बघतात, मग उघडतात. चोऱ्या वाढल्यात म्हणे बिल्डिंगमध्ये. एकट्या बाईला काळजी घ्यावीच लागते.

कोळंबी केली होती. आईने पाठवलेली सुकेळी मी त्यांना दिली — तान्याला आमच्या वसईचीच सुकेळी लागतात, दुसरी केळी चालत नाहीत. आंटी पुडा हातात धरून बसून राहिल्या.

"तान्याचा फोन?" मी विचारलं.

"येतो ना. बरी आहे."

"दुबईत थंडी आहे का?"

"एसीच फक्त," म्हणाल्या, आणि भात वाढायला उठल्या. माझ्या ताटात भात होता.

बिचाऱ्या! पोटच्या पोरीने फसवलंय आणि यांना पत्ताही नाही. खिशात फोटो होता. काढावा आणि ताटाशेजारी ठेवावा असं दहादा वाटलं. नाही काढला. पण काढीन. त्यांना कळायला पाहिजे. एकट्यानेच का जळायचं मी?

शनिवार, १६ नोव्हेंबर

कानफाट्या परत आला. परत लपवला.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आज मी हसलो. मोठ्याने. शब्बीर — आमचा ऑफिसबॉय, माझ्या वडिलांच्या वयाचा — घाबरून बघायला लागला.

मामा फोन ठेवून म्हणाला, "चिरागचा मुक्काम वाढवला. अजून एक आठवडा."

"का?"

"का म्हणजे? शिकार झाली नाही. नियम माहीत नाही तुला? रिकाम्या हाताने पाहुणा परत पाठवायचा नाही."

नियम माहीत नाही! टाइप मी केलाय तो! आपल्या लीजवर आलेला माणूस हरीण घेऊनच जाईल, नाही मिळालं तर मुक्काम क्लबकडून. या एका गोष्टीवर मेंबर मिळतात क्लबला. आणि मी काय करत होतो? चार दिवस कानफाट्याला लपवून त्या दोघांना तिथे ठेवत होतो. एकाच लाकडी घरात. थंडीत. शेकोटीपुढे. माझ्या टोपीसकट.

"तिकडे तक्रार आलीय," मामा म्हणाला, "ओढ्यावर काहीच कसं येत नाही? तू नीट बघतोयस ना?"

"हरणांना विचारा!"

"हे बघ लान्सी. रान भाड्याने मिळतं. हरीण नाही मिळत भाड्याने. यायचं की नाही ते हरणाने ठरवायचं. आपण वाट बघायची, आणि नाही आलं तर उठून घरी जायचं. एवढंच असतं ते."

हे तो हरणाबद्दल बोलत नव्हता. एवढी अक्कल आहे मला. मामाच्या केबिनचं दार असं आपटलं की काचेला तडा गेला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पाठवला.

चारला कानफाट्या ओढ्यावर आला. अंगावर घामाची वाफ, बरगड्या दिसायला लागलेल्या. खात नसणार. कॅमेऱ्याकडे सरळ बघत होता. म्हणजे माझ्याकडे. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत बसलो. चहा गार झाला.

मग मी वाट, वारा, वेळ सगळं लिहून राखणदाराला पाठवून दिलं. जुने लपवलेले फोटोपण. मरू दे. तो मेला की ती परत येईल.

हे मी लिहिलंय. वाचून बघतो तर माझंच अक्षर आहे.

बुधवार, २० नोव्हेंबर

मेला.

शिकारीचा फोटो क्लबच्या ग्रुपवर आलाय. असे फोटो डिलीट नाही करायचे, उलट फ्रेम करायचे. कानफाट्या आडवा, जीभ बाहेर. शिंगं दोन्ही हातांनी धरून गुडघ्यावर बसलेली तान्या. चिराग मागे उभा, टाळ्या वाजवणाऱ्या माणसासारखा. खाली त्याने लिहिलंय — "तान्याचा फर्स्ट शॉट! मी फक्त वारा बघितला."

तिने मारला. चिरागने नाही. तिने.

झुरळ दिसलं तर किंचाळणारी तान्या! का मला वाटत होतं की ती किंचाळते?

डाव्या हातात अंगठी आहे. मी झूम केलं. शिंगाच्या मागे, पण आहे.

ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. शब्बीरने बर्फी वाटली, राजनसाहेबांनी पाठवलेली. मी घेतली. खाल्लीपण. काजूची होती.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

कामावर गेलो नाही. पलंगावर पडून पंखा बघितला. भूक नाही. खालच्या हॉटेलातून पराठ्याचा वास येतो, खिडकी लावून घेतली.

जगून करायचं काय? वसईला परत जाऊ? कॉलेजवाले घेणार नाहीत, डॅडी बोलणार नाहीत. इथे राहू? उद्या तिच्या लग्नाचा केक कापायला बोलावतील आणि मी जाईनपण, बर्फी खाल्ली तसा.

एकच गोष्ट उरलीय माझ्या हातात. फोटो. ओढ्यावरचा, पहिला. उद्या शुक्रवार. उद्या आंटींपुढे ठेवतो. बघा तुमची दुबई! मग आई-पोरीत जे व्हायचं ते होवो. निदान एका माणसाला तरी कळेल की माझं काय केलंय तिने.

ठरलं. खलास.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

साखळी लावून दार किलकिलं. मग उघडलं.

बसायच्या आधीच फोन त्यांच्यापुढे धरला. आंटींनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"टोपी शोभते ना तिला," म्हणाल्या.

मला वाटलं कळलं नाही त्यांना. "आंटी, हे दुबई नाही! हे टेक्सास आहे! हा चिराग—"

"माहीत आहे रे. एअरपोर्टवर मीच सोडलं दोघांना." चष्मा काढला, पदराने पुसत राहिल्या. "दुबई तुझ्यासाठी होती, बाबा. तुझ्या एकट्यासाठी."

जेफ्रीमामालाही माहीत होतं, आंटी म्हणाल्या. त्यानेच तान्याला बजावलं होतं, ओढ्याकडे जाऊ नकोस, तिथे लान्सीचा कॅमेरा आहे. ती विसरली.

"का?" मी विचारलं. ओरडलो असेन. कारण आंटी एक पाऊल मागे सरकल्या, आणि हात दाराच्या कडीकडे गेला.

तो हात मी बघितला.

"ऑगस्टमध्ये त्या सलीलची कॉलर धरलीस," त्या हळू म्हणाल्या. "हॉटेलचा ड्रायव्हर तो. पावणेआठची बस चुकली म्हणून घरी सोडलं पोरीला, एवढाच गुन्हा त्याचा. भिंतीवर आपटलंस त्याला. तान्या रात्रभर इथे खुर्चीत बसून होती. दुसऱ्या दिवशी मी ही साखळी बसवून घेतली. आम्हाला तुझी भीती वाटते रे, लान्सी."

तीन महिने मी समजत होतो, चोरांसाठी आहे ती.

टेबलावर माझं ताट वाढलेलं होतं. वर दुसरं ताट झाकलेलं. सुकेळीचा पुडा बाजूला, फोडलेलासुद्धा नाही.

ओढ्यावरचा फोटो डिलीट केला. फोन खिशात टाकला. बाहेर आलो, आणि दार ओढून घेतलं — हळू, आवाज होऊ न देता.