निळ्या कागदावरची सही

प्रिय झानेटा,

तू पाठवलेले लोकरीचे मोजे मिळाले. तुझ्या बाबांनी ते लगेच घातले, आता काढायला तयार नाहीत. इथे सगळे बरे आहेत, फक्त माझ्या डोक्यात एक भुंगा शिरलाय. आपल्या धाकट्या विएरकाच्या शाळेत हाव्रानोवा नावाच्या नव्या बाई आल्यात. आठवड्यातून एक तास त्या मुलांना समानता शिकवतात. मला पहिल्या दिवसापासून वाटतंय, कुठेतरी पाणी मुरतंय.

मागच्या बाकांवर आपली रोमा मुलं, पुढे गोऱ्या गाजोंची, हे तुझ्या लहानपणापासूनचं. या बाईंनी चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. आता तुझी बहीण पोस्टातल्या बाईच्या मुलाशेजारी बसते. मग एक दिवस बाई ओढा ओलांडून थेट वस्तीत आल्या, दारात बूट काढले आणि माझ्या हातची मारिक्ला रोटी खाल्ली. एक नाही, दोन! आजवर कुठल्या गाजो बाईने आपल्याकडे पाणी तरी घेतलंय का? त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "मार्गिता, गाजो गोड बोलायला लागला की समजायचं, खिशात कागद आहे. येईलच बघ, सही करा म्हणत." मी म्हटलं, "तुम्ही आधी ते मोजे काढा, घरभर वास सुटलाय." पण मनातून मलाही तेच वाटत होतं.

आणि कागद आलाच, विएरकाच्या दप्तरातून. मी तो उलटसुलट करून पाहिला, खिडकीपाशी नेऊन पाहिला. सहीची जागाच नव्हती. नुसता गृहपाठ होता: तुमच्या घरातल्या कुणावर शाळेत अन्याय झाला का? विएरकाने पेन्सिल चावत विचारलं, "आई, झानी त्या मतिमंदांच्या शाळेत का गं गेली? मला गुणाकार तर तिनेच शिकवला." मी बटाटे सोलत होते. मान वर न करता म्हटलं, "चाचणीत नापास झाली म्हणून." पोरीने ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

झाने, ते खोटं आहे. तू सहा वर्षांची होतीस. चाचणी घेणारी बाई मला म्हणाली होती, "मुलगी चुणचुणीत आहे, फक्त स्लोवाक कच्ची आहे, वर्षभरात येईल." मग मुख्याध्यापिकेने त्या दुसऱ्या शाळेचा निळा कागद पुढे सरकवला. तिकडे जेवण मिळेल, बस दारात येईल, चुलत भावंडं आहेतच, म्हणाली. मला तेव्हा एकेक अक्षर लावत वाचावं लागायचं, आणि तिच्यासमोर तसं सांगायची लाज वाटली. वाचल्यासारखं केलं आणि सही केली. तिकडे तुला कुणी मारणार नाही, असंही वाटलं होतं. पुढे त्या शाळेमुळे तुला हॉस्पिटलात नर्सिंगला घेतलं नाही, तेव्हा तू म्हणालीस, "जाऊ दे आई, माझं डोकंच कमी." तेव्हाही मी गप्प राहिले. आज त्याच हॉस्पिटलच्या चादरी तू धुतेस. इतकी वर्षं मी प्रत्येक गाजोच्या खिशात कागद शोधला, पण माझ्या सहीबद्दल तुला अवाक्षर बोलले नाही. काल विएरकाकडून ती ओळ खोडून घेतली आणि खरं लिहायला लावलं. शुक्रवारी ती ते वर्गात वाचणार आहे. बाकी कुणाच्या कानावर जाण्याआधी ते तुला कळायला हवं. तू नापास झाली नव्हतीस.

तुझीच, सही करणारी,
आई