गोटीची फुकटची बाग

३ मार्च, मंगळवार

बाग फुकट! मोठी बाग, तळ्याची! म्हणजे सगळ्यांना नाही. लष्करातल्या लोकांना, लष्करातून निवृत्त झालेल्यांना, आणि त्यांच्या घरच्यांना. शेजारीण पेपर घेऊन धावत आली, चष्मा कपाळावर, पेपर उलटा. "आजी, तुमची तर चंगळ झाली!" मी म्हटलं, अगं आधी बस, धाप लागलीय तुला. तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग स्वतः एकेक अक्षर लावून वाचलं. चौथीच्या पुढे शाळा बघितली नाही, पण 'मोफत' हा शब्द मला लांबूनही वाचता येतो.

आमच्या घरात लष्कर आहे ना! माझी लेक. बंदूक-बिंदूक नाही — म्हणजे तीही चालवता येते तिला — पण काम मोठमोठ्या गाड्या दुरुस्त करायचं. लहान असताना तिने माझं शिवणयंत्र खोलून ठेवलं होतं. असा धपाटा घातला होता मी! परत जोडलं तर आधीपेक्षा बरं चालायला लागलं. आता काय बोलणार. विषय कुठल्या कुठे गेला. हां, बाग.

गोटी शाळेतून आली तशी तिला सांगितलं. गोटी म्हणजे लेकीची लेक, सहा वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून गोटी. म्हटलं, "गोटे, तुझी आई तिकडे लांब राहते ना, आपल्याजवळ नसते ना, त्याच्या बदल्यात तुला काय मिळालंय सांगू? अख्खी बाग!" तिचे डोळे असे झाले! "बदकंपण?" बदकंपण. "होडीपण?" होडीपण. मग घरभर उड्या. शेवटी खालचे लोक वर बघायला आले.

किती दिवसांनी असं हसली पोर. आईचं नाव काढलं की हल्ली नखं चावते.

४ मार्च

गोटीने सगळ्या वर्गाला सांगितलं. बाईंनापण सांगितलं. "माझी आई तिकडे आहे म्हणून बाग माझी आहे." बाई मला फाटकाशी म्हणाल्या, आम्हाला येऊ देणार का हो तुमच्या बागेत? मी म्हटलं, या की, पण बदकांना त्रास द्यायचा नाही.

८ मार्च, रविवार

डोकं फिरलंय माझं.

सकाळी गोटीला न्हाऊमाखू घातलं, दोन वेण्या घातल्या, लाल बूट. मी माझी चांगली साडी. लेकीच्या कार्डाची रंगीत नक्कल पिशवीत, गोटीचा जन्माचा दाखला पिशवीत, पाण्याची बाटली पिशवीत. लग्नाला निघाल्यासारख्या निघालो. रांगेत उभ्या राहिलो. ऊन डोक्यावर. गोटी पुढच्या बाईला सांगतेय, "आम्हाला फुकट आहे. माझ्या आईमुळे." पुढची बाई कौतुकाने बघतेय.

खिडकीवाल्याने कागद उलटेसुलटे केले. पोरगेला माणूस, मिशी अजून नीट फुटलेली नाही. "आजी, कार्ड ज्यांचं आहे त्या कुठायत?"

"ती ड्यूटीवर आहे."

"त्या सोबत हव्यात. कार्डवाल्यासोबत आलेल्या घरच्यांना मोफत. एकट्या घरच्यांना नाही."

मी म्हटलं, "बाबा, नीट विचार कर. ती लष्करात आहे म्हणून ती इथे नाही. ती इथे असती तर ती लष्करात कुठली?"

म्हणाला, सुट्टीवर आल्यावर या.

म्हटलं, "म्हणजे पोरीला आई असेल तेव्हा बाग, आणि आई नसेल तेव्हा बागपण नाही?"

मागून कुणीतरी ओरडलं, चला हो पुढे! मी वळून असं बघितलं की तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

परत आलो. घराच्या पायऱ्यांवर गोटी थांबली आणि म्हणाली, "आजी, मग आई तिकडे कशाला राहते?"

मी काय सांगू? सांगा ना कुणीतरी!

९ मार्च

जावई म्हणाले, "आई, मी तिकीट काढतो. एवढं काय त्यात? पुढच्या रविवारी जाऊन या."

जावई माणूस सोन्यासारखा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते दात करतात. दाताच्या डॉक्टरांकडून माप येतं, जावई कवळी करून पाठवतात. सगळ्या खोलीत ती पांढरी भुकटी, टेबलावर कुणाकुणाच्या हिरड्या मांडलेल्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. अख्ख्या शहराला दात देतात, पण स्वतःचे कुणाला दाखवतील तर शपथ! हसणं नाही, भांडणं नाही. मला चीड येते. बायको लांब, पोर नखं कुरतडतेय, आणि हे आपले "तिकीट काढतो".

त्यांना म्हटलं, "अहो, तिकिटाचा प्रश्न नाही. मी पोरीला सांगितलंय की आईमुळे फुकट. आता तिकीट काढलं तर ती काय समजेल? की आई तिकडे राहते ते कुणाच्या खिजगणतीतच नाही!"

जावई मान खाली घालून एक दाढ घासत राहिले. घासत राहिले, घासत राहिले. त्या दाढेचं काय उरलं असेल कोण जाणे.

११ मार्च

गोटी वर्गात कुणाशीतरी मारामारी करून आली. "तो म्हणाला तू खोटारडी. बाग तुझी नाहीच." खांद्यावर ओरबाडलंय.

१५ मार्च, रविवार

आज गोटीला शेजारणीकडे ठेवलं आणि एकटी गेले. खिडकीवाला मला बघून म्हणाला, "आजी, परत?" म्हटलं, "तुझ्याकडे नाही आले, तुझ्या वरच्यांकडे आलेय. दाखव."

वरच्या म्हणजे एक मॅडम. बागेच्या आत ऑफिस. मला आत सोडायला पण तिकीट मागत होते! शेवटी तो खिडकीवालाच सोडायला आला. ऑफिसात खुरपी, पाइप, मेलेल्या फुलझाडांच्या कुंड्या, त्यातच मॅडम. बाई बरी होती. पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मधे मी माझ्या गुडघ्याचं पण सांगितलं, तेही ऐकलं.

मग म्हणाली, "आजी, मला कळतंय. पण नियम वरून आलाय."

म्हटलं, "वरून काय येतं? पाऊस येतो. कावळ्याची घाण येते. नियम माणूस लिहितो. त्या माणसाला विचारा, तुझ्या घरचं कुणी लांब आहे का?"

ती हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, कळवते वर. कळवा म्हटलं. मी दर रविवारी येऊन विचारणार.

येताना तळं दिसलं. खरंच सुंदर आहे हो. बदकं पांढरी, एक मात्र काळं, सगळ्यांवर दादागिरी करत होतं. गोटीला सांगितलं नाही. कसं सांगू, मी एकटीच बघून आले म्हणून?

२२ मार्च, रविवार

अक्षर बघा कसं आलंय.

मॅडमचं अजून काही उत्तर नाही. मी फाटकावरून परत फिरणार तर खिडकीवाल्याने हाक मारली. आजूबाजूला कुणी नव्हतं. हळूच म्हणाला, "आजी, एक मार्ग आहे. शहिदांच्या घरच्यांना कार्डवाला सोबत लागत नाही. नुसतं या वहीत नाव लिहायचं. कोण तपासतंय? मी लिहितो, तुम्ही नातीला घेऊन या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"जीभ झडो तुझी!" एवढंच आठवतंय. मग काय काय बोलले देव जाणे. त्याची खिडकी गदागदा हलवली मी. तो घाबरून उभा राहिला, म्हणतोय, "आजी, आजी, चुकलो, मला तसं म्हणायचं नव्हतं, पोरीसाठी म्हटलं." वाईट मनाने म्हटलं नाही, ते मला आता कळतंय. पण असं कुणी बोलतं? माझी लेक जिवंत आहे! तिकडे कुठल्यातरी गाडीखाली शिरून नट आवळत असेल, तोंडाला काळं तेल फासून!

घरी येऊन तिला फोन लावला. लागत नाही.

२३ मार्च

लागत नाही.

२६ मार्च

लागला!! तीच होती! आवाज ऐकला आणि मी पदराने नाक पुसत बसले. ती म्हणतेय, "आई? आई, काय झालं? गोटी बरी आहे ना?" मी म्हटलं, सगळे बरे आहेत, मलाच सर्दी झालीय. रेंज नव्हती म्हणे. ही रेंज नावाची बया मला एकदा भेटू दे.

बागेचं सांगितलं. म्हणजे ते वहीचं नाही सांगितलं, तेवढं सोडून सगळं. ती हसून हसून लोळली. "आई, तू अजून त्या बागेवरच आहेस? तिकीट काढ ना गं! किती हट्ट!" म्हटलं, तू गाड्या बघ, बाग मी बघते.

मग गोटीने फोन घेतला आणि पलंगाखाली जाऊन बोलली. काय बोलली कुणाला माहीत.

१२ एप्रिल, रविवार

लेक आलीय! चार दिवस झाले, लिहायला सवडच नाही. वाळलीय. हाताला इतके घट्टे की गोटीने विचारलं, "हे कसले गोळे?" येताना साबणाची वडी घेऊन आली माझ्यासाठी, कुठलीशी. मी कपाटात साड्यांमधे ठेवली.

आज सगळे बागेत! जावईपण! दातांची खोली बंद ठेवून! खिडकीवाल्याने लेकीचं कार्ड बघितलं आणि उठून सलाम ठोकला, तोही डाव्या हाताने, उजव्यात चहा होता. मला म्हणाला, "आजी, या." मी म्हटलं, येतेच आहे.

काय सांगू आत काय झालं. गोटी पुढे, "आई इकडे, आई बदकं, आई होडी!" तळ्यापाशी लेक म्हणाली, थांब हं, दोन मिनिटं टेकते. बाकावर बसली ती झोपलीच. बसल्या बसल्या, मान एका बाजूला, तोंड उघडं. लहानपणी झोपायची तश्शी. जावयांनी पिशवीतला टॉवेल गुंडाळून तिच्या डोक्याखाली ठेवला.

आणि गोटी! मी म्हटलं, चल, आपण होडीत बसू. नको. झोका? नको. बाकाजवळ उभी राहिली पहारेकऱ्यासारखी. कुणी मोठ्याने बोललं की "शूऽऽ! माझी आई झोपलीय." एका भल्या गृहस्थाला तिने वळसा घालून जायला लावलं. ते काळं बदक क्वॅक क्वॅक करत आलं, तर त्याच्यावरही बोट उगारलं. ते थांबलं! खरंच थांबलं!

बाग बंद व्हायची शिट्टी झाली तेव्हा लेक जागी झाली. "अगं, उठवायचं ना मला!" गोटी म्हणाली, "मी सांभाळत होते."

घरी आल्यावर मी न्हाणीघरात जाऊन थोडी रडले. आनंदाचंच.

१९ एप्रिल

गेली.

गोटी रडली नाही. पिशवीचा पट्टा धरून जिन्यापर्यंत गेली. "परत कधी?" लेकीने सांगितलं, तुझ्या पुढच्या वाढदिवसाला नक्की. मग जावई तिला सोडायला गेले आणि परत आल्यावर सरळ त्या दातांच्या खोलीत जाऊन बसले. दिवा नाही, घासण्याचा आवाज नाही. मी चहा ठेवून आले. या माणसाला मी उगाच बोलते.

५ मे, मंगळवार

जिंकलो!!

मॅडमचा माणूस घरी आला. घरी! वरून उत्तर आलं. आता कार्डवाला ड्यूटीवर असेल तर घरच्यांना वेगळा पास. गोटीचा पास, माझा पास, जावयांचा पास. लगेच फोटो चिकटवले; गोटीच्या फोटोत दात पडलेला दिसतोय. जावई म्हणाले, "या दातासाठी मी काही करू शकत नाही." आणि हसले! मी बघितलं! वरची पूर्ण ओळ दिसली!

मॅडमनी चिठ्ठी पाठवलीय, "आजी, तुमच्यामुळे बऱ्याच जणांचं काम झालं." शेजारणीला दाखवली. खालच्या लोकांना दाखवली. दूधवाल्याला दाखवली. गोटीला मांडीवर घेऊन म्हटलं, "बघ, आजीने काय आणलं! आता आई तिकडे असली तरी बाग फुकट. कायमची!"

ती पासाकडे बघत राहिली. म्हणाली, "कायमची?"

कायमची!

१० मे, रविवार

खिडकीशी गेलो. मी पास पुढे करणार तोच गोटीने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि पाठीमागे लपवला.

"आजी, तिकीट काढ."

म्हटलं, अगं वेडे, आता तर आपल्याला फुकट आहे.

"फुकट नको. आपण तिकीट काढलं ना, की मग आईला तिकडे राहायला नको."

खिडकीवाला माझ्याकडे बघत होता.

मी तिकिटं काढली.