आत्याच्या दारातला थांबा

सोम. ७ मे १९८४
बस भरलेली, राजधानी पोर्लुईपर्यंत उभ्यानं. बांधकाम खात्याच्या ऑफिसात मोठ्या टेबलावर नवा नकाशा पसरलेला. फुटबॉलचं स्टेडियम होणार, आमच्या मोंतान्य ब्लांश गावाच्या खाली, आज जिथं ऊस आहे तिथं. कार्तिए मिलितेरच्या चौकापासून तिथवर नवा रस्ता. मी रेघेवरून बोट फिरवलं तर ते सरळ आत्याच्या दारापुढून, तिच्या पोमदामूरच्या वाफ्यांतून गेलं. तिचे टोमॅटो कार्तिए मिलितेरच्या बाजारात सगळ्यांत आधी संपतात.
इंजिनेर साहेब मागं येऊन उभे राहिले. "तू तिथलाच ना, दत्ता? शनिवारी माझ्याबरोबर चल. तुमच्या लोकांना तुमच्या भाषेत सांग, म्हणजे विश्वास बसेल."
दहा वर्षं या ऑफिसात फायली उचलतोय. साहेबांनी नावानं हाक मारली ती आज. घरी बायकोला, शांतीला, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा ती हसली.

शनि. १२ मे
बैठका, गावच्या सभेची खोली, गच्च भरलेली. साहेब इथल्या क्रियोल बोलीत बोलले. मॅचच्या दिवशी हजारो माणसं येतील, तबाजीच्या टपरीवाल्यांना, दालपुरीवाल्यांना, भाजीवाल्यांना बरकत, पोरांना काम. फक्त रस्त्याकडेच्या घरांनी पुढची पट्टी सोडायची, कागदावर सही करायची. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग साहेबांनी इंग्रजी कागद माझ्या हातात दिला.
मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. आवाज छान लागला होता.
आत्या पुढच्या बाकावर. "आरं दत्ता, माझ्या दारात गाडी थांबंल का नाय? त्येवढं सांग."
मी कागदाकडं बघितलं. म्हणालो, "थांबेल. तुझ्या दारासमोर बसचा थांबा होणार. लिहिलंय तसं."
पहिला आंगठा तिचा. मग सगळ्यांच्या सह्या. साहेबांनी जीपमध्ये मला पुढं बसवलं.

रवि. १३ मे
कागदाची नक्कल माझ्याकडं आहे. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं मराठीत लिहून ठेवतो : "प्रवाशांची सोय लक्षात घेऊन वाटेत एखाद्या थांब्याचा विचार करता येईल."
एखाद्या. विचार. करता येईल. आत्याचं दार कुठंच नाही.
साहेबांनी तसं सांगायला सांगितलं नव्हतं. पण सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. बाबा हयातभर याच लोकांत ऊस तोडत होते आणि बैठकेत कायम चपलांजवळ बसायचे. मला वाटलं...
जाऊ दे. होईलही थांबा. का होणार नाही?
शांतीला मराठी बोलता येतं, ही लिपी येत नाही. म्हणून इथं लिहितोय.

गुरु. १४ जून
सगळ्यांचे कागद साहेबांची सही होऊन आले, एकेक नक्कल घरोघर गेली. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. खिडकीजवळचं टेबल मिळालं.
आत्यानं हिरव्या पोमदामूरसकट झाडं उपटली म्हणे. लाल व्हायला पंधरा दिवस होते. मुकादम थांबला असता. तिचं म्हणणं, रस्त्याला उशीर नको.

रवि. ९ सप्टें.
आत्याकडं गेलो. तिनं पुढं खोली काढलीय. काँक्रीटच्या विटा, वर पत्रा, रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, फळी पाडली की दुकान. त्यासाठी दोन्ही गायी विकल्या. भिंतीलगत लाकडी बाक. मी विचारलं, हा कशाला?
"बशीची वाट बघनारी मानसं उभी ऱ्हात्याल व्हय रं?"
शेजारचा गोपाळकाका आला होता. त्याला म्हणाली, "माझ्या दत्तानं वाचून सांगितलं. न्हाईतर आमा आडाण्यांना काय कळतंय?" गोपाळकाकानं माझ्याकडं मान हलवली, मोठ्या माणसाकडं हलवतात तशी.
गरम गातो पिमा तळून घातले. डाळीचे वडे, मिरची बेतानं घातलेली, मला लागतात तसे. एक खाल्ला. दुसरा तोंडात फिरत राहिला.
आज सांगता आलं असतं. म्हणालो, "बाक चांगला झालाय."

मंगळ. १९ फेब्रु. १९८५
नवा नकाशा. आत्याच्या घरापाशी वळण आहे, समोरचं दिसत नाही, तिथं बस थांबवणं धोक्याचं. वाटेत थांबा नाही. कार्तिए मिलितेरहून सुटली की थेट स्टेडियम.
बसवाल्यांना जायचं पत्र टाइप करायला माझ्याकडंच. दोनदा चुकलं, दोनदा कागद फाडला.
हिंमत करून विचारलं, "साहेब, आमच्याकडं थांबा होणार होता ना?"
"कुठं?" साहेब म्हणाले. खरंच त्यांना आठवत नव्हतं. आठवावं असं काही त्यांनी म्हटलंच नव्हतं.

रवि. १० मार्च
सांगायचं म्हणून गेलो. पिशवीभर वांगी घेऊन परत आलो.

रवि. २४ मार्च
गेलो नाही. शांतीला ग्रां बुआला तिच्या आईकडं जायचं होतं. मी आनंदानं निघालो. तिथंही सासूबाई : "तुमच्या ऑफिसनं तुमच्या आत्याचं भलं केलं म्हणे."

शनि. २५ मे
आज घडलं ते नीट लिहितो, नाहीतर उद्या मी ते वेगळंच आठवायला लागेन.
साहेबांबरोबर काम बघायला गेलो. थांबा नाही हे गावाला कळलं होतं, मजुरांकडूनच. जीप थांबली तसा लोकांनी गराडा घातला. पुढं आत्या. साहेबांना तिनं क्रियोलमध्ये शिव्या दिल्या, मग मराठीत. खोटारडा, गरिबांचा घास काढणारा, तुझ्या तोंडात माती पडो. माझी आत्या, जी कुत्र्यालासुद्धा हाड म्हणत नाही.
साहेब शांत. "कुठं लिहिलंय थांबा होणार म्हणून? कागद दाखव."
ती आत गेली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद घेऊन आली. साहेबांना दिला नाही, माझ्या हातात दिला.
"वाच, दत्ता. समद्यांम्होरं वाच."
वर्षभर तो कागद तिच्या घरात होता. गावातल्या कुणाही शिकलेल्या पोराला दाखवता आला असता. दत्तानं वाचलाय म्हटल्यावर दुसऱ्याला कशाला दाखवायचा?
मी इंग्रजीत मोठ्यानं वाचला, शेवटपर्यंत. मग मराठीत म्हणालो, "खाली बारीक अक्षरात आहे. ऑफिसला बदल करायचा हक्क आहे."
खाली बारीक अक्षर नाही. काहीच नाही. साहेबांची सही आहे.
आत्या साहेबांकडं वळली. "बारीक अक्षरात लपवलंस व्हय रं!" आणि त्यांच्या बुटाजवळ थुंकली. माझ्याकडं बघितलं ते कीव आल्यासारखं. दत्तालाही फसवलं.
जीपमध्ये बसल्यावर साहेबांनी रुमालानं बूट पुसला. मग म्हणाले, "मो ति कोने, दत्ता. मला तेव्हाच माहीत होतं. नाहीतर एवढ्या सह्या एका दिवसात येतात का कधी?"
मी मांडीवरची फाईल नीट केली.
"तू कामाचा माणूस आहेस," म्हणाले, आणि मला चौकाजवळच्या माझ्या घराच्या दारात सोडलं. शेजारीपाजारी बघत होते. शांती हात पुसत बाहेर आली, खूश होऊन.

शुक्र. ३१ मे
रोज ठरवतो. रोज काहीतरी निघतं.
मार खाल्ला असता तर बरं झालं असतं.

रवि. १८ मे १९८६
वर्षभर वही उघडली नाही. आज उघडावी लागली.
स्टेडियमवर पहिली मोठी मॅच. ऑफिसच्या माणसांना पहिल्या बसमध्ये जागा. मला खिडकी मिळाली, आत्याच्या बाजूची. उठून दुसरीकडं बसायला हवं होतं. बस भरलेली होती.
वळण आलं. दुकानाची फळी पाडलेली. आत्या बाकापुढं उभी, टोपलीवर पांढरं फडकं, एक हात वर. तिला वाटलं असेल, एवढी गर्दी आहे, एखादी तरी थांबेल. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. मागं कुणीतरी म्हणालं, "आयो, त्या बाईला कुणी सांगा, बिस पा अरेते, इथं बस थांबत नाही."
मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.
पायात चपला होत्या.
बसमागं बस अशा किती गेल्या असतील. गेटाच्या आत शहरातून आलेल्या गाड्या, दालपुरी, पाव, सरबत, सगळं तिथंच. त्यांना परवाने आधीच मिळाले होते. आमच्या गावचा एकही माणूस विकायला नव्हता. कोण जिंकलं ते शांतीनं विचारलं. मला सांगता येईना.

सोम. १९ मे
गोपाळकाका दारात येऊन पुडकं देऊन गेला. उरलेले गातो पिमा, गार, तेल कागदावर उतरलेलं. "म्हातारीनं पाठवलेत. म्हणाली, दत्ताला आवडत्यात." मी बसमध्ये होतो हे तिला माहीत नाही. की आहे?
शांतीनं खाल्ले. मला जाईनात.

रवि. २५ मे
सांगितलं.
सकाळी नऊला गेलो. आत्या ओसरीत सुपात डाळ निवडत होती. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती, मराठीत. तिच्यासमोर बसल्यावर एकही येईना. शेवटी क्रियोलमध्ये बोललो, ऑफिसात बोलतो तसं. कागदात थांबा होणार असं नव्हतं. विचार करता येईल एवढंच होतं. मी वाचलं ते माझ्या मनचं होतं.
हात थांबला नाही तिचा. मग मराठीत विचारलं, "आन त्ये बारीक आक्षर?"
"तेही नव्हतं."
आणखी दोन खडे काढून टाकले. मी वाट बघत होतो. सूप फेकून मारील, म्हणेल चालता हो.
"मंजी त्या मानसाला म्या फुकाट शिव्या दिल्या," ती म्हणाली. "समद्या गावाम्होरं. थुकले त्याच्यावर."
मी घाईघाईनं सांगायला लागलो, साहेब काही साधे नाहीत, त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, त्यांनी मुद्दाम...
"त्ये त्याचं त्याच्यापाशी. माझ्या तोंडातनं गेलं त्ये माझं." सूप बाजूला ठेवलं. "उद्या सकाळी यीन तुज्याकडं. मला त्याच्या हापिसात घिऊन चल. माफी मागीन."
"आत्या, नको. तिथं सगळे..."
"तितं समदे काय?"
तिथं सगळ्यांना माझं कळेल, हे तोंडातून निघेना.
माझ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. गायींबद्दल नाही, खोलीबद्दल नाही. मी उठलो तर जेवून जा म्हणाली नाही. त्या घरातून मी न जेवता कधी निघालो नव्हतो.

सोम. २६ मे, सकाळी
आत्या आली आहे. उजाडायच्या आत चालत निघाली असणार. सणाचं लुगडं, हातात पिशवी. आत ये म्हटलं तर पायरीवरच बसली. शांतीनं चहा दिला तो घेतला. शांतीनं मला आत बोलावून विचारलं, काय झालंय. दोन वाक्यांत सांगितलं. ती माझा शर्ट इस्त्री करत होती. तो अर्धा तसाच ठेवून बाहेर आत्याजवळ जाऊन बसली.
अर्धी इस्त्री मीच पुरी केली.
आत्याला म्हणालो, साहेबांशी मी बोलतो, मी नीट समजावतो.
"क्रियोल मला येतंय," ती म्हणाली. "मदी तू नगं. नुसता म्हागं उभा ऱ्हा."
मी मागं उभा राहून काय ऐकणार, आणि ऐकल्यावर तोंड उघडणार की नाही, मला माहीत नाही. खिडकीजवळचं ते टेबल साहेबांच्या दारासमोरच आहे.
बस सव्वासहाची. ती उठून चालायलाही लागली. शांती तिच्याबरोबर चौकापर्यंत निघालीय. मला हाक मारली नाही दोघींनी.