रामरावांचं वजन

॥ श्री ॥
जानेफळ, श्रावण शुद्ध अष्टमी, शके १८५६

चि. शेषराव यास विमलाक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

अथी सारं ठीक हाय, एक तुह्या दाजीची कंबर सोडून. नागपंचमीले मारुतीच्या पारावर समोरच्या घरचे रामराव चारचौघांत बोलले, की माहे सासरे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले, पारापुढचा दगडी गोटा छातीलोक उचलत, लेकाले मात्र पुरणाचं ताटच उचलता येते. झालं! यंदा गोटा मीच उचलतो, असा शब्द हे देऊन आले. दुसऱ्याच दिवशी मेहकरच्या सुताराकून फिरवायले बाभळीचे मुद्गल आणले. बैलबंडीतून उतरवतानाच गडी हाशहुश करून राह्यले होते. मी म्हन्लं, आधी हलके घ्या. तर म्हणे, हलक्यानं ताकद येत असती तर लाटणं फिरवून तूच पयलवान झाली असती.

पहिल्याच फेरीत मुद्गल हातातून सुटला अन् पाण्याच्या रांजणात गेला. सैपाकघरात पूर, अन् हे तसेच वाकून उभे! आता असे चालतात, जसं जमिनीवर काही सांडलं अन् ते शोधून राह्यले. विचारलं तर म्हणतात, वात हाय. तू जळगावच्या आखाड्यात जातो, तवा दाजीले दोन शब्द लिही. पण मी कळवलं हे कळू देऊ नको.

बहिणीवरची माया पत्रानं दाखवजो.
तुही, विमलाक्का


॥ श्री ॥
जळगाव जामोद, श्रावण वद्य प्रतिपदा

ती. दाजींचे सेवेसी, शेषरावचा शि. सा. न. वि. वि.

तुमी करीले गोटा उचलनार, असं उडत उडत कानावर आलं. लय आनंद झाला. मी आखाड्यात नवा होतो तवा वस्तादानं पावसाळाभर मले नुसती काठी धरायले देली होती. मले राग ये. पण घाईनं जड उचलनारा पाठीनं उचलते, अन् पाठ एकदा रुसली की जावयापेक्षा जास्त दिवस रुसते.

म्हणून पाय फाकवून बसावं, पाठ सरळ, वस्तू पोटाशी, अन् श्वास भरून मांड्यांच्या जोरावर उठावं. पाठीले बाक येते असं वाटलं की वस्तू हळूच खाली ठेवावी, मग पाहनारे कितीबी हासोत. अन् हो, रांजणाजवळ मुद्गल फिरवू नये, असं वस्ताद सगळ्यायलेच सांगतात.

मेहुण्याचा आगाऊपणा पोटात घालून लोभ ठेवावा.
आपला, शेषराव


॥ श्री ॥
जानेफळ, श्रावण वद्य पंचमी

चि. शेषराव यास नारायणरावाचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

पत्र पावले. माझ्या कटिप्रदेशी किंचित वायू धरला होता, तो ओसरत आहे. रांजणाचा उल्लेख का केलास, हे समजले नाही. आमचा रांजण मुळातच तडकलेला होता. काठी फिरवणे हे गुराख्याचे काम असून ते या वयात मला शोभणार नाही.

तथापि येथील एका स्नेह्यास असा प्रश्न पडला आहे की, खाली बसताना गुडघे कोणीकडे असावेत आणि श्वास केव्हा सोडावा. कर जवळ आल्याने त्याला घाई आहे. उलट टपाली कळवावे.

स्नेह्यावरही तुझा लोभ असावा.
नारायणराव


॥ श्री ॥
जानेफळ, भाद्रपद शुद्ध तृतीया

चि. शेषराव यास अनेक आशीर्वाद वि. वि.

तुहं उत्तर आलं तसे हे गोठ्यामागं काठी घेऊन उठबस करू लागले. मले उभं करत अन् पाठ वाकते का पाह्य म्हणत. कंबर मोकळी झाली. मंग सरकीचं अर्धं पोतं उचलू लागले, पण गोटा त्याहून लय जड.

करीले सारं गाव जमलं. हे नीट बसले, गोटा गुडघ्यालोक आणला. मले दिसलं, पाठ वाकू लागली. यायलेही कळलं. यायनं गोटा हळूच खाली ठेवला अन् यंदा माह्याच्यानं होत नाही म्हन्ले. लोक खो खो हासले. सगळ्यात जास्त रामराव. यायचे कान लाल झाले, मले तथं उभं राहवेना.

मंग रामराव पुढं झाले. पाठीची कमान करून एका हिसक्यात गोटा छातीले लावला, अन् कडकन आवाज आला! गोटा खाली, अन् रामराव लाकडावानी आडवे. हासणारेच धावले. कोणी हात ओढे, कोणी पाय. ते बैलावानी हंबरत. हे सगळ्यायले बाजूले सारून खाली बसले, रामरावले पोटाशी घेतलं, श्वास भरला अन् पाठ सरळ ठेवून उठले! घरालोक नेलं बापा. सोजराबाईले वाटलं नवरा गेला. तिनं गळा काढला. तर रामरावनं हातावरूनच तिले दटावलं, की रडू नको, गोधडी टाक.

वाटेनं माह्या डोळ्यात पाणी आलं. हासून आलं का कशानं, ते विचारू नको.

तुहा आखाडा अन् आक्का, दोघांवर जीव असू दे.
विमलाक्का


॥ श्री ॥
जानेफळ, आश्विन शुद्ध द्वितीया

चि. शेषराव यास अनेक आशीर्वाद. विशेष.

मागील पत्रातील स्नेही मीच होतो. रामराव गोट्यापेक्षा जड आहेत, असे गावात आता सर्वमान्य झाले आहे. कालपासून ते चालू लागले. आज पहाटे गोठ्यामागे आले, मी त्यांच्या हाती काठी दिली. त्यांनी विचारले, गोटा केव्हा.

त्यांना आवरण्यास मी एकटा पुरत नाही. दसऱ्याला यावे, हीच लोभाची खूण समजेन.
नारायणराव