हरभऱ्याची जागल

राजकुमार बेटा, खुशाल राह्य.

तू पुण्याहून पाठवलेलं झटका मशीन मी हरभऱ्याले लावलं. वावराच्या सगळ्या धुऱ्यानं तार ओढली. तू म्हणला होता, "बाबा, आता रानडुकरं येत नाहीत. थंडीत जागलीले जायचं नाही, घरीच झोपायचं." मशीनले मी नावं ठेवत नाही.

पण काबरी कुत्री दिवस बुडताच रोजच्यासारखी वावरात घुसाले गेली अन् तिचं नाक तारेले लागलं. केकाटत वावराबाहेरच्या पांदीत, वाटेवर जाऊन बसली. भुऱ्या कुत्राही तिच्यामागं गेला. मी मशीन बंद केलं, भाकर दाखवली, तरी दोघं आत येईनात. शेवटी मीच पांदीत शेकोटी पेटवली अन् तिथंच घोंगडी टाकली.

सकाळी तार गुंडाळली. मशीन आता शेजारच्या वच्छलाबाईच्या वावरात हाये. तिच्याकडं कुत्रेही नाहीत अन् जागलीले माणूसही नाही.

खरं सांगू? तुही माय गेल्यापासून मले घरात झोप येत नाही. इथं वावरातल्या खोपीत पाठीले भुऱ्या राह्यते, पायापाशी काबरी. दोघं घोरतात. त्यायचं घोरणं ऐकलं का माहा डोळा लागते. डुक्कर आलं तं ते उठवतात.

हे पत्र काही पाठवत नाही. उद्या फोनवर विचारशीन, "बाबा, घरीच झोपता ना?" मी हाव म्हणीन. मागं काबरी भुकली तं टीव्ही चालू हाये म्हणून सांगीन.

तुहा बाप,
निवृत्ती